रस्त्यावरची कला निवडण्यापूर्वी रहिवाशांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या जुन्या भागात सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंती रंगविणे आणि चौकांत शिल्पे बसविणे आता नेहमीचे झाले आहे. या कामांना माझा विरोध नाही. ज्या शहरात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि जिथे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्यांनी विद्यार्थी घडविले, त्या शहराच्या रस्त्यांवर कला दिसलीच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की, कामाची जागा, विषय आणि देखभाल या तिन्ही गोष्टी ठरण्यापूर्वी त्या रस्त्यावर राहणाऱ्या, दुकान चालविणाऱ्या आणि हातगाडी लावणाऱ्या लोकांशी बोलले जावे. आमच्या भागात तरी काम सुरू झाल्याचे बांबूची परांची उभी राहिल्यावरच कळते आणि तोवर सांगण्यासारखे काही उरलेले नसते.

पूर्वी तरी बडोद्यात कोणी कोणाला विचारत होते, असा प्रश्न यावर केला जाईल. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची १९३९ ते १९४६ या काळातील भित्तिचित्रे राजघराण्याच्या आश्रयाने झाली आणि रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंती एका दिवाणाच्या घरासाठी रंगविल्या गेल्या, हे खरे आहे. परंतु स्मारकात किंवा वाड्यात पाहणारा आपल्या इच्छेने जातो, तर रस्त्यावरची भिंत सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसासमोर रोज उभी असते. शिवाय ती लोकांच्या पैशाने रंगविलेली असते. डरवेंट वुड यांनी घडविलेल्या सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला लोकांनी ‘काळा घोडा’ म्हणून आपलेसे केले, पण त्या ब्राँझला पिढ्यान्‌पिढ्यांचा अवधी मिळाला. साध्या रंगाने काढलेल्या आजच्या चित्राला दोन-चार पावसाळ्यांपलीकडे आयुष्य नसते. त्यामुळे आपलेपणा नंतर केव्हा तरी येईल, या भरवशावर ते सोडून देता येत नाही.

उशिरा विचारले तर काय होते, याचे न्यूयॉर्कमधील एक उदाहरण कलाक्षेत्रात सर्वांना माहीत आहे. तेथील एका सरकारी इमारतीसमोरच्या चौकात १९८१ साली रिचर्ड सेरा या नामवंत शिल्पकाराची १२० फूट लांब आणि १२ फूट उंच, गंजत्या पोलादाची वाकडी भिंत उभी राहिली. चौक ओलांडण्यासाठी तिला वळसा घालावा लागत असे आणि तिथे काम करणाऱ्यांनी तक्रारी सुरू केल्या. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १८० जण बोलले. त्यांपैकी १२२ जणांनी शिल्प ठेवावे असे सांगितले आणि ५८ जणांनी ते हलवावे असे सांगितले. तरीही सुनावणी घेणाऱ्या समितीने हलविण्याची शिफारस केली आणि १९८९ मध्ये शिल्प तोडून नेण्यात आले. कलावंत आणि तक्रारदार यांत कोण बरोबर होते, यावर अजूनही वाद होतो. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, शिल्प उभे राहिल्यानंतर लोकांपुढे ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढेच दोन शब्द शिल्लक होते. वाट कुठून जाते, दुपारी डबा खायला लोक कुठे बसतात, हे आधी विचारले असते तर सेरा यांच्यासारख्या कलावंताने त्यातूनही काही बलवान घडविले असते.

रहिवाशांना कलेतले काय कळते, असे म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की, रस्त्यातले त्यांना काय कळते ते त्यांनी एकदा ऐकावे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी आपल्या भिंतीवर कुठवर चढले होते, हे काठच्या वस्तीतले लोक बोट ठेवून दाखवतील. चित्राचा खालचा भाग कशाचा करायचा, हे त्यावरून ठरते. कोणत्या भिंतीवर दुपारभर ऊन असते, कुठे स्कूटर टेकवल्या जातात, भाजीवाल्या मावशी कोणत्या कोपऱ्यात बसतात आणि सुशोभीकरणानंतर त्यांना तिथून उठवले जाणार आहे का, गणपतीची मिरवणूक कुठे वळते, रात्री कोणत्या बोळात दिवा नसतो, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते. सुब्रमण्यन यांनी १९६३ साली लखनौच्या रवींद्रालयासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प भाजलेल्या मातीचे होते. उघड्यावरच्या भिंतीसाठी माध्यम विचारपूर्वक निवडावे लागते, हे बडोद्याच्या कलावंतांना कोणी शिकवण्याची गरज नाही. त्यांना गरज आहे ती त्या भिंतीची माहिती असलेल्या माणसांशी गाठ घालून देण्याची.

लोकांना विचारले की ते पुतळाच मागतात, ही दुसरी भीती. ‘कोणाचा पुतळा हवा?’ असा प्रश्न केला तर पुतळ्याचेच उत्तर मिळेल. ‘या रस्त्याचे काय जपावेसे वाटते?’ असे विचारले, तर कोणी बंद पडलेल्या छापखान्याबद्दल बोलेल, कोणी तोडलेल्या कडुलिंबाबद्दल. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश राज्यांना दिला होता. ही मर्यादा बैठकीच्या सुरुवातीलाच सांगितली, तर बराच वाद टळेल. आकृती, रंग आणि रचना यांवर मात्र मतदान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कलावंताचे क्षेत्र आहे आणि बहुमताने काढलेले चित्र कोणाचेच नसते. आमच्या पोळांतील, म्हणजे जुन्या गल्ल्यांतील, गणेश मंडळेही असेच करतात: देखावा कशावर असावा, यावर बैठकीत रात्र-रात्र भांडण होते, पण मूर्तिकाराच्या हातातले कोरणे कोणी काढून घेत नाही.

यासाठी नवीन यंत्रणा लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केलेलीच आहे. महानगरपालिकेने काम देण्यापूर्वी त्या जागेवर गुजराती, मराठी आणि हिंदी भाषेत सूचना लावावी आणि बैठक कार्यालयीन वेळेत न घेता संध्याकाळी, त्याच रस्त्यावर घ्यावी, म्हणजे स्त्रिया आणि दुकानदार येऊ शकतील. निवडलेला आराखडा प्रत्यक्ष मापाच्या कापडावर छापून पंधरा दिवस त्याच भिंतीवर टांगावा. आलेल्या हरकती मान्य झाल्या किंवा फेटाळल्या, तरी त्यांची कारणे लेखी प्रसिद्ध व्हावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देखभालीची रक्कम आणि जबाबदार विभागाचे नाव मूळ कंत्राटातच असावे. आमच्याकडच्या एका सुंदर चित्राच्या मधोमध वर्षभरात जाहिरातीचा फलक ठोकला गेला आणि तो काढण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे आजतागायत आम्हांला कोणी सांगू शकलेले नाही.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे