धर्मपिता होण्याआधी

प्रिय बाळा,

ताईने कळवलंच असेल. छोटीचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आपल्याच चर्चमध्ये ठरलाय आणि धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, म्हणून तिने तुझं नाव दिलंय. वय 16 पूर्ण हवं आणि दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, झालेलं हवं, हा चर्चचा नियम. त्यात तू बसतोस. पण मला तुझ्याशी जे बोलायचंय ते कुठल्या फॉर्मात विचारत नाहीत, आणि फोनवर ते नीट बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी फादर छोटीच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततील. आधी तिचं नाव घेतील आणि त्याच दमात म्हणतील, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने." तिचं नाव आणि देवाचं नाव असं पहिल्यांदा शेजारी येईल. तू तिथे हातात मेणबत्ती घेऊन उभा असशील. पुढे ती बोलायला लागली की आपल्या सगळ्यांच्या तोंडून ते नाव ऐकेल. मामाच्या तोंडून ती ते कसं ऐकणार, हा माझा प्रश्न आहे.

गाडी पंक्चर झाली की तू 'जीझस' म्हणतोस. बॉसचा मेल आला, 'ओ माय गॉड'. मॅच हरली तरी तेच. तुमच्या ऑफिसात सगळे असंच बोलतात, त्यात तुझ्या मनात काही वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी मला लागतं रे. समजा, तू मला हाक मारलीस, मी भाकरीच्या पिठाचे हात पुसत बाहेर आले आणि तू म्हणालास, "काही नाही, असंच." दिवसातून पाच-सहा वेळा हेच झालं तर? मी आई आहे, तरीही प्रत्येक वेळी येईन. देवही येत असणार असं मी मनापासून मानते. म्हणूनच त्याला उगाच हाक मारू नये.

तुझी आजी माळ हातात घेऊन रोजरीची प्रार्थना म्हणायची ते तुला आठवत असेल. लाल लुगडं, पाय दुमडून भिंतीला पाठ टेकलेली, डोळे मिटलेले. प्रत्येक 'नमो मारिया'मध्ये येशूचं नाव आलं की तिची मान खाली जायची. पूर्ण माळेत 53 वेळा. शेवटी शेवटी ऐकूही कमी यायचं, माळेचे मणी बोटांतून निसटायचे, पण मान चुकली नाही. तिला हे कुणी शिकवलं ते तिने कधी सांगितलं नाही. 1274 साली लियोंच्या धर्मसभेनंतर पोप दहाव्या ग्रेगरींनी लोकांना येशूच्या नावाला मान लवायला सांगितलं होतं, हे मी खूप नंतर वाचलं. साडेसातशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये सांगितलेली गोष्ट वसईच्या एका वाडीत, शाळेत न गेलेल्या बाईच्या मानेत उतरली होती. चर्चमधल्या उपासनेत, मिस्सेत, आजही हाच नियम आहे. फादर तसं करतात, तू लक्ष देऊन बघ.

तुमच्या पिढीला मी 'ओ माय गॉड'वरून बोलते, पण आम्हा मोठ्यांचं वागणं मला त्याहून जास्त खुपतं. आपल्या शब्दाला वजन यावं म्हणून आम्ही देवाला मध्ये ओढतो. 'देवाशपथ', 'येशूशपथ', 'क्रुसावर हात ठेवून सांगते'. जमिनीच्या वाटणीत, उधारीत, सासू-सुनेच्या भांडणात, सगळीकडे. आपल्या कॅथलिकांत दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा म्हणजे 'परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नकोस' (बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी तिला तिसरी मोजतात, आज्ञा तीच). शपथ कधीच घ्यायची नाही असं चर्च म्हणत नाही. कोर्टात, गंभीर कामासाठी, खऱ्या गोष्टीवर घेतलेली शपथ चालते. पण डोंगरावरच्या प्रवचनात येशू त्याच्याही पलीकडे गेला: तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू द्या.

ते कसं जगायचं हे मी आपल्या वसईच्या पाचूबंदरला बघितलं. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपून बोटी पुन्हा जायला लागल्या होत्या, बाजारात ही गर्दी. माझ्या पुढची बाई सुरमईचा भाव करत होती. म्हणाली, "बर्फातली नाही ना? देवाची शपथ घेऊन सांग." कोळीण शांतपणे म्हणाली, "देवाला कशाला मासळीवर बसवतेस बाई? कल्ला बघ." आणि तिने अंगठ्याने कल्ला वर उचलला. आत लालभडक, ओला. बोटाने पाठ दाबून दाखवली, मांस लगेच वर आलं. बाईने मुकाट्याने पैसे मोजले. तुझा धंदाही विकण्याचाच आहे. गिऱ्हाईक शपथ मागेल तेव्हा त्याला कल्ला दाखवता येईल असाच माल विक.

आणखी एक, कारण तू धर्मपिता होणार आहेस. कुणाचा तरुण मुलगा समुद्रावरून परत आला नाही की मयताच्या घरी लोक म्हणतात, "देवाची इच्छा." त्या आईसमोर हे बोलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? देवाच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलंय अशा थाटात बोलणं, हासुद्धा त्याच्या नावाचा गैरवापरच. तिच्याजवळ बस. तिने म्हटलं तर प्रार्थना कर. आणि ते 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा, नाहीतर येशू तुमच्यावर नाराज होईल' वाले फॉरवर्ड आपल्या घरच्या ग्रुपवर कुणी टाकले तर तू पुढे पाठवू नकोस. येशूच्या नावाने कुणाला धमकावू नये.

अलिबागकडचे बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, तेही मराठी बोलणारेच. त्यांच्या धर्मग्रंथात देवाचं नाव चार अक्षरांत लिहिलेलं असतं, पण वाचताना ज्यू लोक ते उच्चारत नाहीत, त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, म्हणतात. 29 जून 2008 च्या पत्रात व्हॅटिकनने आपल्यालाही कळवलं की उपासनेतल्या गीतांत आणि प्रार्थनांत ते चार अक्षरी नाव उच्चारू नये. मला तो निर्णय फार आवडला. त्याच नावापुढे येशू लहानपणी नाझरेथच्या सभास्थानात गप्प राहायला शिकला असणार.

पण नुसतं गप्प राहून भागत नाही, नाव घ्यायचंही असतं. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात तू शिकलास ते आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत ते होते. त्या दिवसाचं जे वर्णन आपण 6 फेब्रुवारीच्या प्रार्थनेत वाचतो, त्यात कोण काय करत होता ते दिलंय. तेरा वर्षांचा अंतोनी येशू आणि मारियेचं नाव घेऊन स्तोत्र गायला लागला. आणि ब्रदर गोन्सालो मोठमोठ्याने प्रभूची प्रार्थना आणि नमो मारिया म्हणत राहिले. जपानी चांगलं बोलणारा हा माणूस, फ्रान्सिस्कन संन्याशांचा दुभाषा. त्या घटकेला जमलेल्या लोकांना सांगायला त्यांच्याकडे कितीतरी असेल. त्यांनी लहान मूलही म्हणतं तीच प्रार्थना म्हटली. 1862 साली ते संत झाले, भारतात जन्मलेले पहिले. तू रोज झोपताना जे पुटपुटतोस, तेच शब्द त्यांच्या तोंडी होते.

तेव्हा नाव घे. जेवायच्या आधी घे, मग हॉटेलात मित्र बघत असले तरी चालेल. घाटात गाडी घालण्याआधी घे. गोव्याकडे आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. सवयीनेच म्हणतात, पण त्यात समोरच्यासाठी देवाकडे काही मागणं आहे. तसं घे. आणि 'जीझस' तोंडातून निसटलाच, तर तिथेच पुढे 'दया कर' एवढं जोड, म्हणजे हाक वाया जाणार नाही.

बाप्तिस्म्याच्या शेवटी सगळे वेदीजवळ उभे राहून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात. तू ही प्रार्थना इंग्रजीत शिकलास, ताईच्या सासरचे सगळे मराठीत म्हणतील. तोंडपाठ करून ये. त्यात पहिलं मागणंच 'तुझे नाव पवित्र मानले जावो' हे आहे, छोटीच्या वतीने ते तुला म्हणायचंय. तुझ्या दृढीकरणाचा दाखला मी चर्चच्या ऑफिसातून काढून ठेवते. पुण्याच्या पॅरिशचं पत्र मात्र तुलाच आणावं लागेल, या रविवारी मिस्सेनंतर तिथल्या फादरांना भेट.

तुझी,
आई