आई-बाबा, खारीगावचं घर मी दिलं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा नुसतं हं हं करतात आणि आई मधेच "जेवलीस का" विचारते, मग मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहितेय. आधी सांगून टाकते. खारीगावचं घर मी भाड्याने दिलंय. ॲग्रीमेंट झालं, रजिस्टरही झालं, बाबांनी मुखत्यारपत्र दिलंय त्यावर सही माझीच. भाडं कमी आहे, अगदीच कमी आहे, पण तुमच्या खात्यात दर महिन्याला जे यायचं ठरलं होतं ते तेवढंच येणार, वरचे मी घालतेय. औषधं, लाईट बिल, कामाच्या मावशी, कशालाही हात आखडायचा नाही. आणि आईच्या गुडघ्याचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

कोणाला दिलं? ठाणे स्टेशनवरची ती बेघर पोरांची चौकडी आठवतेय का, नऊ-दहा नंबरवर, जिथून मी ऐरोलीची गाडी पकडायचे? आई, घावन त्यांना दिले म्हणून तू मला ओरडली होतीस, "मग तू काय खाल्लंस", आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप दोन घावन जास्त बांधलेस. तीच चौघं. मोठा, लाली, गुड्ड्या आणि बारक्या. त्यांना मी अजून याच नावांनी हाक मारते, ॲग्रीमेंटवरची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत.

कशी राहायची ते मी तुम्हाला तेव्हा नीट सांगितलंच नाही, आई रडली असती. स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलाखाली झोपायची आणि चौघांतलं एक पाळीपाळीने जागं राहायचं. बाटल्या, पुठ्ठे भंगारवाल्याला विकून जे मिळेल ते लालीकडे, कारण मोठी पोरं या मुलांचे खिसे चाचपायची, हिने फ्रॉकला आतून खिसा शिवून घेतला होता. एकाला ताप आला तर त्या दिवशी चौघांचाही धंदा बंद. आणि नशेसाठी सोल्युशन हुंगायचं नाही, हुंगलं तर त्या रात्री बाकीच्यांपासून लांब झोपायचं. गुड्ड्याला एकदा असं लांब झोपवलं होतं, तर मध्यरात्री लालीच उठून त्याला हाताला धरून परत घेऊन आली आणि सकाळी मोठ्याशी भांडली की नियम तुझा होता, माझा नव्हता. बारक्या तर इतका लहान होता की गाव विचारलं की "गाडी" म्हणायचा.

तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते ना, कंटेनरमधली, तिथल्या मुलांचे आईबाप निदान त्याच पुलाखाली राहतात. या चौघांना एकमेकांशिवाय कोणीच नव्हतं.

मग एका रात्री पोलिसांनी उचललं. चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं तसं नेलं, तिथे मोठ्याने छातीठोकपणे सांगितलं आम्ही सख्खे आहोत. कोण विश्वास ठेवणार, चौघांच्या चार भाषा. मुलगे एका बालगृहात, लाली दुसऱ्या. पुढची सगळी वर्षं राखीपौर्णिमेला वगैरे भेट, तीही बालगृहातल्या ताई-दादांच्या हातापाया पडून. समितीला मी नावं ठेवत नाही, पोटभर जेवण आणि दहावी तिथेच मिळाली, पण जे एक त्यांनी स्वतः जमवलं होतं तेच नेमकं तुटलं.

आता अठरा झाली की बालगृह संपतं. २०१५ च्या कायद्यात एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय आहे, सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेचे महिन्याला ४,००० रुपये पण आहेत, मिळेपर्यंत कागदांचा ढीग. आणि ४,००० मध्ये ठाण्यात काय मिळतं बाबा, तुम्हीच सांगा. मोठा आधी बाहेर पडला, कॅटरिंगमध्ये लागला, बाहेरगावी राहायच्या सोयीसकट काम मिळत होतं ते त्याने सोडलं कारण लाली बाहेर येईल तेव्हा कोणीतरी ठाण्यात पाहिजे. मंडपाच्या गोडाऊनमध्ये झोपला पण गेला नाही. आता लाली आलीये, पेशंट सांभाळायचा कोर्स करतेय, गुड्ड्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. बारक्याला अजून दोन वर्षं आहेत पण त्याची गादी आत्ताच आणून ठेवलीये, प्लास्टिकसकट.

घराची काळजी करू नका. आतली खोली लालीची, सुतार आणून आतून नवी कडी बसवून घेतली. आईचं शिलाई मशीन आणि तुमचं कपाट कुलूप लावून तसंच आहे. तुळशीला पाणी घालायला लालीला सांगितलंय, ती जरा जास्तच घालते. पोलीस पडताळणी झाली. ॲग्रीमेंटच्या दिवशी मोठ्याचा अंगठा मशीन घेईना, भट्टीजवळ भाजून भाजून रेषाच गेल्यात, एजंट रुमालाने पुसतोय आणि मधेच विचारतो, आडनावं तीन वेगळी, नातं काय? लाली त्याच्याकडे न बघताच म्हणाली, भावंडं. त्याने लिहिलं नाही, पण परत विचारलंही नाही.

तुम्हाला आधी विचारलं नाही हे लागलं असेल. खरं सांगू, तुम्ही हो म्हणाला असतात आणि मग बाबा पंधरा दिवस झोपले नसते, तर तो ताण मी घेतला.  आणि आठवा, २००५ च्या २६ जुलैच्या पुरात त्याच घरात किती अनोळखी माणसं झोपली होती आई, तू रात्रभर पिठलं ढवळत होतीस, मी दारातून हलायलाच तयार नव्हते, आणि पहाटे बाबा कांजूरमार्गहून रुळांवरून चालत आले, चिंब, आणि एवढ्या मोठ्या घोडीला उचलून घेतलंत. तुमच्या शर्टाला डिझेलचा वास येत होता. मला अजून तो वास आला की बरं वाटतं, हसू नका.

बरं, आता ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी जेवल्यावर, आधी नाही, आणि फणस काढायला झाडावर चढायचं नाही म्हणजे नाही, शेजारचा पोऱ्या आहे कशाला. आई, शुगरचं मशीन कपाटात शोभेला दिलेलं नाहीये, पट्ट्या कुरियरने पाठवल्यात, मोजून आकडा मला व्हॉट्सॲप कर, "ठीक आहे" असं पाठवू नकोस. दिवाळीला ठाण्याला या, माझ्याकडेच उतरा, खारीगावला एक दिवस जाऊ. फाटक गेलं, आता वरून पूल आहे, आईला रूळ ओलांडायला लागणार नाहीत.

एकच काम आहे. सोसायटीत कुजबुज सुरू झालीये, एक मुलगी आणि दोन मुलगे म्हणून. सेक्रेटरी माझं ऐकल्यासारखं करतात, पण घर तुमचं, तर ते तुम्हाला फोन करणारच. बाबा, तुम्ही चिडू नका, कायदा पण सांगू नका. "मला माहिती आहे, माझ्या परवानगीने राहतात", एवढंच बोला. नातं विचारलं तर भावंडं म्हणा. आणि फोन उचलताना चष्मा लावा, मागच्या वेळी त्यांचाच फोन कट केला होतात.

तुमची,
मनू