शाळेला समुपदेशक हवा, वर्गशिक्षकाला आणखी एक काम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्पवयीन मुलांच्या हातात कोयता, शाळा सुटल्यावर मारामारी, त्यात नववी-दहावीतली पोरं, अशा बातम्या हल्ली सतत वाचायला मिळतात. त्यावर येणाऱ्या प्रतिक्रियांत बहुतेकांची मागणी एकच असते, कायदा कडक करा. पण कायदा २०१५ सालीच कडक झालेला आहे. १६ ते १८ वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याचं प्रकरण प्रौढांप्रमाणे चालवण्यासाठी पाठवू शकतं. मी इचलकरंजीत एका माध्यमिक शाळेत शिकवते. मंडळापुढे उभं राहण्याआधीची चार-पाच वर्षं हे मूल आमच्यासमोर बाकावर बसलेलं असतं. मला त्या वर्षांबद्दल लिहायचं आहे.

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरचं पोट यंत्रमागावर आहे. वडील बारा तासांच्या पाळीत माग चालवतात, आई कांडी भरायला जाते. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, तेव्हा एका खोलीच्या घरात मुलांना बोलायचीसुद्धा चोरी. तरीही यातली पुष्कळ घरं मायेची आहेत, हे आधी ठामपणे सांगते. गरिबी आणि बिघडलेलं घर या दोन गोष्टी एक नाहीत. पण काही घरांत दारू आहे, मारहाण आहे, कुठं आई माहेरी निघून गेलेली आहे, कुठं सावकार दारात बसलेला असतो. त्या घरातून आलेलं मूल वर्गात लगेच ओळखू येतं.

नववीतला एक मुलगा. त्याची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मागच्या बाकावरच्या पोराचा पाय त्याच्या दप्तराला लागला, एवढंच निमित्त. यानं कंपासमधलं कर्कटक काढून त्याच्या मांडीत खुपसलं. अशा वेळी शाळांमधला शिरस्ता ठरलेला असतो. वर्गाबाहेर उभं करायचं, डायरीत लाल शेरा द्यायचा आणि ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ म्हणायचं. त्याचे वडील आले आणि ऑफिसच्या दारातच त्यांनी त्याच्या मुस्काटात भडकावली. ज्या घरात मार आहे, त्या घरातल्या मुलासाठी ‘वडिलांना घेऊन ये’ याहून वाईट आदेश नाही.

पुढच्या वेळी तो असाच पेटला, तेव्हा मी त्याला नळावर नेलं. तोंडावर गार पाण्याचे हबके मारायला लावले, मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. गार पाण्यानं छातीतली धडधड कमी व्हायला खरंच मदत होते. मग विचारलं, ‘चिडलास तेव्हा अंगात आधी कुठं कळलं?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘कानात. कान तापत्यात. पुढचं मला आठवत न्हाई.’ थोड्या वेळानं खाली बघत म्हणाला, ‘रात्री पप्पांची गाडी बोळात आली की बी तापत्यात.’

वर्गात जे होतं त्याचं मूळ इथं आहे. घरात सतत सावध राहावं लागलेल्या मुलाचं शरीर दप्तराला लागलेला पाय आणि बापाची चाहूल यांत फरक करत नाही. त्यात मेंदूचा विचार करून आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. अशा मुलाला ‘शांत बस’ हे नुसतं सांगून जमत नाही, ते शिकवावंच लागतं. कान तापले की हात वर न करता वर्गाबाहेर पडायचं, नळापर्यंत जाऊन यायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ‘ही सवलत कशाला?’ असं काही सहकारी म्हणाले. दिवाळीनंतर एकदा त्यानं व्हरांड्यातल्या खिडकीची काच फोडली. माणसावर हात मात्र उचलला नाही. मी याला प्रगती म्हणते.

अमेरिकेतल्या शिकागोमध्ये गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलग्यांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ हा उपक्रम चालतो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांवर तपासला, तेव्हा उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. त्यातला एक खेळ मी वर्गात घेतला. जोड्या करायच्या, एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्यानं ३० सेकंदांत तो मिळवायचा. ओढाताण झाली, बोटं पिरगाळली गेली, एकाचं बटण तुटलं. मग विचारलं, ‘नुसतं माग म्हणून कुणी बघितलं का?’ त्यावर एकजण लगेच म्हणाला, ‘मागून कोण देतंय मॅडम? आमच्यात मागून काय मिळत न्हाई.’ त्यानंतर तासभर आम्ही दुसरं काही शिकलो नाही.

मुलींचं वेगळंच. त्या मारत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत. रोज डोकं दुखतं म्हणणारी, बाकावर झोपणारी, मधूनच मैत्रिणींशी बोलणं तोडणारी मुलगी ‘शांत आणि गुणी’ ठरते. दहावीनंतर तिचं लग्न ठरल्याचं कानावर येतं, तोवर उशीर झालेला असतो.

आता मुद्द्याचं. मुलांना असं समजून घेऊन सावरायचं हे काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून घालू नका. किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१४ पासून आहे. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची केंद्राची योजनाही आहे. हेतू चांगला आहे. पण तोच शिक्षक मतदारयादीच्या कामासाठी बीएलओ असतो, तोच शाळेची सरकारी माहिती ‘यू-डायस’वर भरतो, शिष्यवृत्तीचे अर्ज तोच करतो आणि वार्षिक निकालही त्याच्याच हातात असतो. घरातली गोष्ट मूल त्याला कशी सांगेल?

हे माझं एकटीचं मत नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत याची रीतसर चाचणी घेतली. काही शाळांत हे काम प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीकडे दिलं, तिला ‘सेहर मित्र’ म्हणत. काही शाळांत तेच काम प्रशिक्षित शिक्षकांकडे दिलं, उरलेल्या शाळांत नेहमीचाच अभ्यासक्रम ठेवला. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, मुलांचे गट, एकेकट्याशी बोलणं, असं साधंच काम होतं. ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ‘मित्र’ असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आम्ही शिक्षक कमी पडतो असा याचा अर्थ मी घेत नाही. त्या खुर्चीत बसून हे काम होत नाही, इतकंच मला त्यातून दिसतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण या विषयात ती हटकून राहून जाते. दीर्घ श्वास घ्यायला शिकवल्यानं बापाचा मार थांबत नाही. ज्या मुलाला आज रात्री मार बसणार आहे, त्याच्याशी आधी हे बोलावं लागतं की भांडण सुरू झालं तर धाकट्या बहिणीला घेऊन कुणाच्या घरी जायचं आणि कुणाला फोन करायचा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८, बालकल्याण समिती, जिल्हा बालसंरक्षण कक्ष यांची दारं कधी ठोठवायची, हे माहीत असलेला माणूस शाळेत हवा. आयांशी बोलणाराही तोच हवा. ‘पोरगं बापावर गेलंय’ हे वाक्य मुलासमोर म्हणणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत. त्या थकलेल्या असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

२०२२ साली आमच्या नगरपालिकेची महापालिका झाली. येत्या अंदाजपत्रकात महापालिकेनं आणि शिक्षण विभागानं निदान काही शाळांपासून सुरुवात करावी. त्याच भागात राहणारी, मुलांची भाषा बोलणारी, पदवीपर्यंत शिकलेली एक व्यक्ती पूर्णवेळ नेमावी. तिला नीट प्रशिक्षण द्यावं. महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञानं शाळेत येऊन तिच्याशी प्रत्येक मुलाबद्दल बोलावं, कारण कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचं तर आईचा एक खाडा पडतो. तिच्याकडे गुण, हजेरी, शिस्त यांतलं काहीही देऊ नये. बसायला दार लागणारी एक लहानशी खोली द्यावी, शिक्षकखोलीतला कोपरा चालणार नाही. कंत्राट अकरा महिन्यांचं असू नये. ज्या मुलांची माणसं आधीच निघून गेलेली आहेत, त्यांच्यासमोरून दरवर्षी आणखी एक माणूस हलवू नये.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. अल्पवयीन मुलांच्या मारामारीची किंवा आत्महत्येची बातमी छापाल, तेव्हा तिच्याखाली मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस १४४१६ हे मोफत क्रमांक ठळक चौकटीत द्यावेत. आमच्या शाळेच्या फलकावर मुलं रोज वर्तमानपत्र वाचतात.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, इचलकरंजी
(मुलांची ओळख जपण्यासाठी नाव छापू नये, ही विनंती.)