गृहमंत्रीबाई, मामा पण घरचाच असतो हो

मा. गृहमंत्री, ब्रिटन यांस,

तुम्हाला मराठी येत नसणार, माहितीये. पण इथले आपले लोक वाचतील आणि त्यातले बरेचजण इथे मत देतात, म्हणून मराठीतच लिहितोय.

मी शनिवारी लायब्ररीत निर्वासितांना इंग्रजी शिकवायला जातो. तिथे एक अफगाण माणूस येतो. फोन टेबलावर उपडा ठेवतो आणि दर दोन मिनिटांनी उलटून बघतो. कोण रे, विचारलं, तर पंधरा वर्षांचा भाचा, ग्रीसमध्ये कॅम्पात एकटा, आईवडील नाहीत. "मी त्याचा मामा," म्हणाला आणि मी चमकलोच, त्यांच्या दरी भाषेतही मामा म्हणजे मामा आणि काका म्हणजे काकाच!

२०२० संपेपर्यंत या पोराला रस्ता होता. डब्लिन नियमात (आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने बघायचा हे ठरवणारा युरोपियन युनियनचा नियम) असं एकटं मूल ग्रीसमध्येच अर्ज करायचं, दोन्ही सरकारं आपसात कागद तपासायची आणि इथे आईबाप, भाऊबहीण, काका-मामा, मावशी-आत्या, आजी-आजोबा यातलं कोणी असलं तर पोरगं विमानाने यायचं. महिनोन्महिने लागायचे, पण यायचं. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटनंतरची, जुने नियम चालू ठेवायची मुदत संपली आणि ते गेलं. त्याआधी, २०२० च्याच जानेवारीत, संसदेच्या वरच्या सभागृहातल्या लॉर्ड डब्ज यांनी ही सोय टिकवायची दुरुस्ती ब्रेक्झिटच्या कायद्यात आणली होती, ती कॉमन्सने, म्हणजे खालच्या सभागृहाने, पाडली. हे डब्ज स्वतः १९३९ साली सहा वर्षांचे असताना प्रागहून ट्रेनने आले होते, लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर वडील घ्यायला आलेले.

मग उरलं काय, तर आश्रय मिळालेल्याने घरच्यांना बोलवायचा तुमचा स्वतःचा नियम, ज्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि १८ च्या आतली मुलं, बस. एकट्या आलेल्या मुलाला इथे आश्रय मिळाला तरी या नियमाने तो आईला बोलावू शकत नाही (हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे). आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेही अर्ज घेणं थांबवलं, म्हणे नेहमीच्या फॅमिली व्हिसाने बायकोला आणा, ज्याला वर्षाला २९,००० पौंड कमाई दाखवायची. नुकताच आश्रय मिळालेला माणूस कुठून दाखवणार?

एकीकडे सरळ रस्ता बंद करायचा आणि दुसरीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेहून रबरी बोटीत का बसता म्हणून ओरडायचं. तो भाचा कॅलेच्या दिशेने निघू नये एवढ्यासाठीच तर मामा दर दोन मिनिटांनी फोन बघतो.

नियमात काका, मामा, मावशी, आत्या, आजी परत घाला. वेगवेगळे शब्द नसतील तर अंकल-आंटी लिहा, चालेल.

– शनिवारचा मास्तर