विषय: ॲल्युमिनियमवर एचिंग होत नाही, इलेक्ट्रोलाइट बदलून द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवून लगेच हे लिहितोय. करंटने धातूवर अक्षरं कोरणाऱ्या (एचिंग) मार्किंग मशीनच्या खोक्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी योग्य’ असं तुम्हीच छापलंय. 6061 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नेमप्लेटवर नुसता पुसट करडा डाग उमटतो, नखाला खोली लागत नाही.

पॅडला तुमच्या बाटलीतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे करंट वाहून नेणारा द्रव, लावला. प्लेट प्लसला, पॅड मायनसला, 12 व्होल्ट डीसी. पॅड टेकवताच करंट चढतो आणि काही सेकंदांत शून्याजवळ येतो. धातू विरघळायच्या ऐवजी त्यावर ऑक्साइडचा थर चढतोय. हे एचिंग नाही, ॲनोडायझिंग आहे! तेच मशीन, तेच स्टेन्सिल, पण पॅडला मिठाचं पाणी लावलं की करंट टिकतो आणि धातू खाल्ला जातो, कारण क्लोराइड तो थर फोडतं. खड्डे पडतात, कडा फाटतात, त्यामुळे ते काम गिऱ्हाइकाला देता येत नाही. पण दोष तुमच्या बाटलीत आहे हे त्यातून कळतं. त्या बाटलीवर घटकसुद्धा छापलेले नाहीत.

आता तुमच्या ‘टेक्निकल एक्स्पर्ट’बद्दल. मी म्हणालो, करंट पडतोय. ते म्हणाले, प्लेट साबणाने धुवा. धुतली आहे. मग म्हणाले, प्लेट ॲनोडाइझ्ड असेल. मी सांगितलं, मल्टिमीटर लावलाय, पृष्ठभागावर कंटिन्युइटी मिळते, करंट अडत नाही, म्हणजे धातू उघडा आहे. यावर ते म्हणाले, “मग तुमचं ॲल्युमिनियमच डुप्लिकेट असेल, लोहचुंबक लावून बघा.” मी इतकी वर्षं धातूचं काम करतोय हो! वर सल्ला काय, तर व्होल्टेज वाढवा. वाढवलं. स्टेन्सिल जळालं. ते कोण भरून देणार, असं विचारताच म्हणाले, “सर, ॲल्युमिनियमला गंज लागत नाही, म्हणून ते एच होत नाही.” मग खोक्यावर ॲल्युमिनियम कशाला छापलंत? आणि फोन कापला. माझ्या तोंडावर.

पुन्हा सांगतो, बाटली चुकीची आहे. स्टेनलेसवर हेच मशीन स्वच्छ चालतं, म्हणूनच तुमच्या नावावर विश्वास टाकला होता. तो आता उरलेला नाही.

ॲल्युमिनियमसाठीचं इलेक्ट्रोलाइट, घटकांच्या लेखी माहितीसह, आणि जळालेल्या स्टेन्सिलची भरपाई पंधरा दिवसांत द्या. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वर्कशॉप मी स्वतः पोटापाण्यासाठी चालवतो, त्यामुळे ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून सुटू पाहू नका. मशीन परत हवं असेल तर गाडी तुम्हीच पाठवा. भाडं मी देणार नाही.

तुमचा ग्राहक,
भोसरी, पुणे