वर्णभेद, वंशभेद आणि समता

महोदय,

दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून राबवल्या गेलेल्या, गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या धोरणाला आपली वृत्तपत्रे कधी ‘वर्णभेद’, कधी ‘वर्णद्वेष’, तर कधी ‘वंशवाद’ म्हणतात. भेद ही वागणूक आहे आणि द्वेष ही भावना. कायदा वागणुकीला रोखू शकतो, मनातल्या द्वेषापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, म्हणून हे शब्द अदलाबदलीने वापरू नयेत. शिवाय ‘वर्ण’ म्हणजे रंग, पण आपल्याकडे तोच शब्द चातुर्वर्ण्याचाही असल्याने वाचकाचा गोंधळ होतो. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये ‘वंश’ आणि ‘जात’ वेगवेगळे नोंदवले आहेत, ते उगाच नव्हे.

आमच्या खानदेशात लग्न ठरवताना मुलीचा रंग पाहिला जातो आणि सातपुड्यातून शहरात शिकायला आलेल्या भिल्ल, पावरा मुलांना बोलीवरून हिणवले जाते. या दोन्ही गोष्टींना मी सरसकट ‘वर्णभेद’ म्हणणार नाही. पहिला रंगभेद आहे, दुसऱ्यात जमातीविषयीचा तुच्छभाव आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. वसतिगृहात जागा मिळाली की संधीची समानता काही अंशी साधते, पण सोबतच्या मुलांनी ताटाला ताट लावून जेवणे, याला मी समता म्हणतो.

आपला,
एक वाचक, अमळनेर