गावी निघण्यापूर्वी एक पिशवी रक्त: थॅलेसेमियाच्या मुलांसाठी आवाहन

सर्व रहिवासी, सभासद आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

मे महिना तोंडावर आला. शाळांना सुट्टी लागेल, कोकणच्या गाड्या भरतील आणि आपल्या चाळींतल्या कितीतरी खोल्यांना कुलपे लागतील. कॉलेजे बंद आणि रक्तदाते गावी, त्यामुळे मुंबईतल्या रक्तपेढ्यांचा साठा याच दिवसांत आटतो. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसे निरोगी रक्त तयारच न होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते.

परळ-लालबागला हे नव्याने सांगायला नको. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालये आपल्या दाराशी आहेत. 1982 च्या संपात घरात चूल पेटायची पंचाईत होती, तरी आपल्या गिरणी कामगारांनी रक्तदानाची रांग मोडली नव्हती. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांनी भिजलेल्या गाद्या गॅलरीत टाकल्या आणि ती माणसे शिबिराला आली. प्रत्येक दात्याचा रक्तगट आणि रक्तदानाची तारीख सुवाच्य अक्षरात लिहून ठेवणारे आपले दिवंगत मास्तर, वर्षानुवर्षे हँडबिले फुकट छापून देणारे प्रेसवाले काका, खाटा वाहून आणणारे टेम्पोवाले, पहाटे उठून शिरा आणि सरबत करणाऱ्या महिला मंडळाच्या ताई-मावश्या, या सगळ्यांच्या जिवावर आपले नाव झाले. त्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

म्हणूनच गेल्या मे महिन्यात जे झाले ते मनाला लागले. घरोघर चिठ्ठ्या दिल्या, फलकावर लिहिले. ग्रुपवर अंगठे भरभरून आले, टेबलापाशी माणसे मोजकीच आली. गणपतीत हॉलमध्ये उभे राहायला जागा नसते आणि मे महिन्यात खाटा रिकाम्या राहतात, हे आपल्या विभागाला शोभत नाही.

गणपतीत दिलेले रक्त मे महिन्यापर्यंत उरत नाही. 2 ते 6 अंश तापमानात ठेवलेल्या लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवसच टिकतात. या मुलांना तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आतले रक्त देतात, कारण ताज्या पेशी अंगात जास्त काळ टिकतात आणि पुढची खेप लांबते. तेव्हा एका दिवशी ढीग नको, पाळीने रक्त हवे. यंदा त्यासाठीच तीन शिबिरे ठेवली आहेत.

पाळी चुकली की काय होते तेही समजून घ्या. रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन 9 ते 10.5 च्या दरम्यान राहिले तर मुलाची उंची वाढते, ते शाळेत टिकते, खेळते. ते सतत खाली राहिले की शरीर रक्त बनवण्याचा निष्फळ आटापिटा करते. त्यात गालाची आणि कपाळाची हाडे फुगतात, पाणथरी वाढून पोट पुढे येते. रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये एका हाताला सुई आणि दुसऱ्या हाताने गणिताची वही सोडवणारी मुले दिसतात. एक पिशवी चढायला तीन-चार तास लागतात, तेवढ्यात गृहपाठ उरकतो. वेळेवर रक्त आणि औषध मिळाले तर ही मुले दहावी-बारावी होतात, नोकरीला लागतात, संसार करतात. एके काळी हा आजार म्हणजे बालपणीच मृत्यू असे समीकरण होते. आज भावंडाचा एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळला तर बोन मॅरो प्रत्यारोपणाने तो बराही होऊ शकतो, आणि त्यासाठी बोरिवलीत महापालिकेचे केंद्र आहे.

पण नुसत्या रक्ताने भागत नाही. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे 200 मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचते. ते काढणारी डेफेरासिरॉक्सची गोळी रोज घ्यावी लागते. पैशांअभावी महिनाभर खंड पडला की फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचे रक्तातले माप) चढते. शिवाय दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे मुलाला थंडी वाजून ताप येतो, तो टाळायला फिल्टर लागतो. पिशवी मोफत मिळाली तरी गोळ्या, फिल्टर आणि तपासण्या यांनी घर मेटाकुटीला येते. रक्ताबरोबर निधीही हवा आहे तो यासाठी.

शिबिरे: 1 मे, आणि मे महिन्याचा दुसरा व चौथा रविवार, सकाळी 9 ते दुपारी 2, मंडळाचा हॉल (प्रवेश मागच्या जिन्याने). वय 18 ते 65 (पहिल्यांदा देणाऱ्यांना 60 पर्यंत), वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. आधीच्या रक्तदानाला पुरुषांनी 90 आणि स्त्रियांनी 120 दिवस झालेले हवेत. मलेरिया बरा होऊन तीन महिने, टॅटू काढून वर्ष झालेले हवे. चालू औषधे डॉक्टरांना सांगा, लपवू नका. उपाशीपोटी येऊ नका, उपवास असेल तर दुसरी तारीख घ्या. चक्कर येते ती बहुतेक रिकाम्या पोटी आणि कमी पाण्यामुळे. येण्याआधी दोन ग्लास पाणी प्या. सुई काढल्यावर कोपर दुमडू नका, हात सरळ ठेवून कापूस दाबून धरा, नाहीतर आत रक्त पसरून नीळ पडते. पंधरा मिनिटे बसूनच उठा.

लग्न ठरायच्या वयातल्या मुला-मुलींनी एचबीए2 ही थॅलेसेमिया मायनर ओळखणारी रक्ताची तपासणी जरूर करून घ्यावी. दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण दोषाचे वाहक, असतील तर प्रत्येक गर्भारपणी मेजरची शक्यता चारात एक असते.

गावी जाणाऱ्यांनी 1 मे ची पाळी घ्यावी, मुंबईत राहणाऱ्यांनी उरलेले दोन रविवार वाटून घ्यावेत. नावे कार्यालयात रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत रक्तगटासह नोंदवावीत. देणगी तिथेच स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती रक्कम देऊ नये.

आपला नम्र,
चिटणीस